घरचा हिशेब : ‘बिल शून्य येईल’ म्हणे!

२०२५ च्या संक्रांतीची गोष्ट. समोरच्या काकू तिळगूळ द्यायला आल्या. तिळगुळाची वाटी ठेवली, आणि पदराच्या टोकात गुंडाळून आणलेला एक गुळगुळीत रंगीत कागद माझ्या पुढ्यात उलगडला. “तुमच्या गच्चीवर बसवलंय ना ते सोलर? मलाही एकजण सांगून गेलाय. जरा वाच बघू, मला चष्म्यानंही ते बारीक अक्षर दिसत नाही.”

कागदावर तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत होत्या. तीन किलोवॅटचा संच. सरकारकडून ७८ हजार रुपये. आणि पंचवीस वर्षं वीजबिल शून्य! बारीक अक्षरांत काय होतं ते मी वाचलं, पण त्याआधी सहज विचारलं, “काकू, पैशाचं काय ठरवलंत?”

काकूंनी मनगटाकडे पाहिलं. “पाटल्या आहेत की. सोमवारी गहाण टाकते. ७८ हजार आले की सोडवून आणीन.”

माझ्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. काकूंच्या घरी माणसं दोन, त्या आणि त्यांच्या म्हाताऱ्या नणंदबाई. दोन पंखे, एक जुना फ्रिज, सकाळी पाण्याची मोटर, संध्याकाळी मालिका. मी म्हटलं, “काकू, पाटल्या राहू द्या. आधी घरी जाऊन वर्षभराची लाइटबिलं घेऊन या.”

मैत्रिणींनो, त्या दिवशी आम्ही दोघींनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर जो हिशेब मांडला, तोच आज तुमच्यापुढे मांडते. कारण असा कागद एव्हाना तुमच्याही दाराच्या फटीतून आत आला असेल. आणि घरातले पुरुष अनुदानाचा आकडा बघून हुरळतात, पण महिन्याचं बिल भरायची आठवण, मीटरचं रीडिंग बरोबर आहे का ही तपासणी, ‘अगं गीझर बंद कर’ ही ओरड, ही सगळी खाती आपल्याकडेच आहेत. तेव्हा हा हिशेबही आपणच करायचा.

आधी अनुदानाचं नीट समजून घेऊ. ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाली. देशातल्या एक कोटी घरांवर सौरसंच बसवायचे, असं तिचं उद्दिष्ट आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतची. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार. झाले ७८ हजार. त्याच्या पुढे तुम्ही पाच बसवा की दहा बसवा, सरकार ७८ हजारांवर एक पैसा देत नाही. म्हणजे पहिले दोन किलोवॅट सरकारच्या डोळ्यांत लाडके, तिसरा सावत्र, आणि चौथ्याला तर ओळखही नाही! हा उतार सरकारने मुद्दाम ठेवला आहे. लहान घराने लहान संच बसवावा, हा त्यातला हेतू. पण एजंट मात्र नेमका उलटा अर्थ सांगतो : “वहिनी, तीन किलोवॅट घेतला तरच पूर्ण अनुदान मिळतं.” खरंच आहे. तीस रुपयांची साडी घेतली तर दहा रुपये सूट आणि शंभराची घेतली तर वीस रुपये सूट, म्हणून शंभराचीच घ्यावी, तसलं हे खरं.

दुसरी गोष्ट त्या कागदावर बारीक अक्षरांत होती. अनुदान आधी मिळत नाही. संच बसतो, वीज कंपनीची माणसं येऊन तपासून जातात, नवा मीटर लागतो, आणि मग पैसे ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होतात. तोपर्यंत पूर्ण रक्कम आपल्यालाच उभी करायची असते. त्यासाठी बँका तीन किलोवॅटपर्यंत तारण न घेता कर्ज देतात आणि त्याचा व्याजदर सहा-सात टक्क्यांच्या आसपास असतो. सोन्यावरच्या कर्जाला बहुतेक ठिकाणी याहून जास्त व्याज पडतं. काकूंना हे कोणी सांगितलंच नव्हतं. सांगेल कसं? बँकेच्या कागदपत्रांत आठवडे जातात, पाटल्यांचे पैसे एका दुपारी हातात येतात.

आता बिलाकडे या. आपण बिलावर एकच आकडा बघतो, खालचा. वरच्या ओळी कधी वाचल्या आहेत? मीही वाचल्या नव्हत्या. वीज आकार म्हणजे जेवढी युनिटं जाळली त्यांचे पैसे. वहन आकार म्हणजे ती वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचं भाडं, तेही युनिटावर. इंधन समायोजन आकार कधी असतो, कधी नसतो. त्या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क, हे सरकारचं. आणि सगळ्यांच्या आधी एक ओळ असते ती म्हणजे स्थिर आकार. हा तुम्ही एक युनिट जाळा, नाहीतर घराला कुलूप लावून महिनाभर माहेरी जा, भरावाच लागतो. आमच्या एक-फेज जोडणीवर तो २०२४-२५ साली महिन्याला १२८ रुपये होता. तीन-फेज जोडणी असेल तर कितीतरी जास्त. म्हणून कोणी मोठ्या संचासाठी ‘जोडणी तीन-फेज करून घेऊ’ म्हटलं तर आधी हा आकडा विचारा.

तर मूळ गोष्ट ही की, सौरसंच युनिटं खातो. स्थिर आकार खात नाही. तेव्हा बिल शून्य हे लाडिक बोलणं आहे, हिशेबाचं नव्हे.

पण खरी मेख दरांच्या पायऱ्यांत आहे. त्या २०२४-२५ सालात महावितरणच्या घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे दर होता. १०१ पासून ३०० पर्यंत १० रुपये २९ पैसे. त्याच्या पुढच्या पायऱ्या आणखी वर. प्रत्येक युनिटावर वहन आकार १ रुपया १७ पैसे वेगळा. म्हणजे शंभराच्या आत राहणाऱ्या घराला युनिट पावणेसहा-सहा रुपयांना पडतं आणि शंभर ओलांडलं की पुढचं प्रत्येक युनिट जवळजवळ दुप्पट भावात. दर पुढेमागे बदलतात, पण स्वस्त पायरी आणि महाग पायरी हा जिना तसाच राहतो. तुम्ही कुठल्या पायरीवर उभ्या आहात, यावर सौरसंच फायद्याचा की नाही हे ठरतं. अनुदान सगळ्यांना सारखंच असतं.

काकूंची बिलं उघडली. जानेवारी ८२, फेब्रुवारी ८५, मे महिन्यात १०४, पावसाळ्यात ८८. सरासरी नव्वदीच्या घरात. बिल साडेसातशेच्या आसपास. यातून स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क वगळलं, तर सूर्यदेव वाचवून देणार ते महिन्याला सहाशे रुपये, वर्षाचे सात हजारांच्या थोडं वर. आणि त्या तीन किलोवॅटच्या संचाची कागदावरची किंमत एक लाख ८५ हजार. अनुदान वजा जाता एक लाख सात हजार. भागाकार करून बघा! चौदा-पंधरा वर्षं लागतात पैसे फिटायला. काकू आज अडुसष्टच्या.

काकू बराच वेळ त्या भागाकाराकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे ते ७८ हजार मला नव्हतेच मिळत.”

“मिळत होते हो काकू, पण तुमचे एक लाख सात हजार घेऊन.”

एक किलोवॅटचा छोटा संच त्यांना खरं म्हणजे पुरला असता. एक किलोवॅट आपल्याकडच्या उन्हात दिवसाला सरासरी चार युनिटं देतो, महिन्याला शंभर ते एकशेवीस. पण एजंटाने एक किलोवॅटचं नावसुद्धा काढलं नव्हतं. काकू थांबल्या. थांबल्या ते बरंच झालं, कारण २०२५ सालीच राज्य सरकारने महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असणाऱ्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना एक किलोवॅटच्या संचावर केंद्राच्या अनुदानाशिवाय आणखी अनुदान द्यायची योजना आणली. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून सौर सामानावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पाटल्या अजून काकूंच्या हातात आहेत.

मला या सगळ्यात आठवते ती माझ्या माहेरची सौरचूल. १९८० च्या दशकात सरकार सौरचुलींवर सूट देत असे. आजीने मोठ्या हौसेने घेतलेली ती पेटी, आत काळे रंगवलेले डबे, झाकणाला आरसा. मी लहान होते तेव्हा ती माळ्यावर होती आणि तिच्यात आई दिवाळीच्या पणत्या ठेवत असे. चूल वाईट नव्हती. डाळ झकास शिजे म्हणतात. पण स्वयंपाक सकाळी आठला लागायचा आणि ऊन यायचं अकराला! सूट बघून घेतली, घरचं वेळापत्रक बघून नाही.

आमच्या घरचं गणित मात्र वेगळं निघालं. आम्ही मिरजेला राहतो, मामंजींनी बांधलेल्या घरात. माणसं पाच, दोन कूलर, वॉशिंग मशीन, आणि मुलांच्या खोलीत एक एसी. हिवाळ्यात दीडशे युनिटं, एप्रिल-मेमध्ये सव्वातीनशे. वर्षाची बेरीज २४६० युनिटं, म्हणजे महिन्याला सरासरी दोनशे पाच. बिल सरासरी २२०० रुपये. यात निम्मी युनिटं महाग पायरीवरची. आम्हालाही तीन किलोवॅटचाच आग्रह झाला. आम्ही दोनच किलोवॅट घेतला. एक लाख ३० हजार किंमत, ६० हजार अनुदान, घरचे गेले ७० हजार. तो महिन्याला सरासरी २४० युनिटं देतो. साधारण तीन वर्षांत पैसे फिटतील, असा आमचा अंदाज आहे आणि आजवर तरी तो चुकलेला नाही.

“तिसरा किलोवॅट घेतला असता तर जास्तीची वीज विकता आली असती की!” असं आमचे दीर म्हणाले. सगळेच म्हणतात. ऐका. दिवसा संच जी वीज आपल्या वापराहून जास्त बनवतो ती तारेवरून बाहेर जाते, आणि नेट मीटर ती आपल्या नावावर जमा धरतो. रात्री आपण घेतली की त्यातून वजा. उरली तर पुढच्या महिन्यात. इथपर्यंत बँकेच्या पासबुकासारखं चोख. पण आपल्या राज्यात हे पासबुक ३१ मार्चला मिटतं. त्या दिवशी जी युनिटं शिल्लक असतील ती पुढच्या वर्षात जात नाहीत. वीज कंपनी ती आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते, आणि तो दर आपण वीज घेतो त्या दराच्या जवळपासही फिरकत नाही.

आता ३१ मार्च ही तारीख बघा कुठे येते ते. हिवाळ्यात पंखेसुद्धा बंद, आभाळ स्वच्छ, गच्चीवरची वीज साठत जाते. आणि ज्या एप्रिल-मेसाठी ती साठवून ठेवावी, त्याच्या उंबरठ्यावरच हिशेब पुसला जातो! लोणच्याच्या कैऱ्या यायच्या आदल्या दिवशी कोणी मीठ-मोहरीचा डबा रिकामा करावा तसं. आमची पहिल्याच वर्षी अशी दीडशेच्या वर युनिटं गेली. कळलं तेव्हा चुटपुट लागली. आता फेब्रुवारी-मार्चमध्ये शिल्लक बघते आणि गाद्यांच्या खोळी, पडदे, रजया, सगळं धुणं त्या महिन्यांत काढते. एवढ्यासाठी मोठा संच नको. मोठ्या संचाची मोठी शिल्लक, एवढंच होतं.

नियम बदलतात, हेही मनात धरून ठेवा. २०२५ च्या सुरुवातीला महावितरणने वीजदराचा जो प्रस्ताव ठेवला होता, त्यात दिवसा उन्हाच्या वेळात तयार झालेली वीज त्याच वेळच्या वापरातून वजा करायची, रात्रीच्या नाही, अशी कल्पना होती. छतावर संच बसवणाऱ्यांनी त्यावर खूप हरकती घेतल्या. वीज नियामक आयोग अशा वेळी लोकांच्या लेखी हरकती मागवतो, वर्तमानपत्रात त्याची जाहिरात येते. आपण ते पान रद्दीत घालतो. तसंच २०१९ च्या नियमावलीत संचाच्या मालकांकडून जाळ्याच्या वापराचा एक आकार घेण्याची तरतूद आहे. दहा किलोवॅटपर्यंत मंजूर भार असलेल्यांना त्यातून सूट असल्याने आपल्यासारख्या घरांनी त्याची धास्ती घ्यायला नको. पण एक सवय मात्र आत्तापासून लावून घ्या. इस्त्री, वॉशिंग मशीन, मोटर, मिक्सरचं वाटण, जे दुपारी करता येईल ते दुपारी. उद्या नियम कोणताही येवो, दिवसा बनली आणि दिवसाच घरात वापरली त्या विजेवर कोणाचा हिशेब लागत नाही. माझी शाळा सकाळची असल्यानं मला हे जमतं. जी पूर्ण दिवस नोकरी करते तिला रविवारच उरतो, हे मला कळतं.

काकूंनी विचारलं होतं, “मग लोडशेडिंग झालं तरी आपल्याकडे दिवे?” नाही हो! हा सगळ्यांत मोठा गैरसमज. तारेवरची वीज गेली की हा संचही बंद पडतो, भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना. तारा दुरुस्त करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून धक्का बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीचा संच लागतो. तो बराच महाग, आणि बॅटरीसाठी वेगळं अनुदान नाही. आमच्याकडे पहिल्यांदा दुपारी वीज गेली तेव्हा धाकट्याने गच्चीवर जाऊन पॅनेलं हलवून बघितली होती.

गच्चीचंही बोलून घेते. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, तीसुद्धा सावली नसलेली. पाण्याच्या टाकीची सावली, शेजारच्या नारळाची सावली सकाळ-संध्याकाळ कुठे पडते हे एक दिवस स्वतः बघा. पुरुषमाणसं सांगाड्याची उंची ठरवताना वाळवणाचा विचार करत नाहीत. आमच्याकडे मी हट्टाने सांगाडा उंच करून घेतला. थोडा खर्च वाढला, पण खालून वाकल्याशिवाय जाता येतं आणि कुरडया-सांडग्यांची खाट पुढच्या मोकळ्या भागात मावते. स्लॅब गळत असेल तर गिलावा आधी करून घ्या, संच बसल्यावर खाली हात घालता येत नाही. पॅनेलं पुसायची ती सकाळी लवकर, साध्या पाण्याने, मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही, हे काय, आपल्याला चहाच्या ग्लासावरून माहीतच आहे. अनुदान हवं तर पॅनेलं भारतात बनलेली आणि बसवणारा योजनेत नोंदलेला असावा लागतो. बिलावर तसं लिहून घ्या आणि पाच वर्षांची देखभाल त्याच्याकडेच, हेही.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी थोडक्यात. तुमची गच्ची सगळ्यांची, त्यामुळे एकटीला संच बसवणं अवघड. पण जिना, लिफ्ट, पंप यांच्या सामायिक विजेसाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. ते काम सेक्रेटरीकडून होईल असं धरून बसू नका.

आता आमचा सगळ्यांत जास्त वेळ कशात गेला ते सांगते. पैशात नाही, बँकेत नाही. बिलावरच्या नावात.

आम्ही २०२४ च्या श्रावणात अर्ज भरायला बसलो. ग्राहक क्रमांक टाकला. नाव आलं मामंजींचं. मामंजींना जाऊन नऊ वर्षं झालेली. अनुदान ज्याच्या नावावर जोडणी त्याच्या खात्यात येतं, आणि मामंजींचं खातं कधीच बंद झालेलं. ह्यांनी सहज म्हटलं, “चला, माझं नाव लावून घेऊ.” त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी निवडलेली मेथी बाजूला सारून त्यांनी देवघराखालचा पत्र्याचा डबा काढला. नऊ वर्षांची बिलं, महिन्याच्या क्रमाने, दोऱ्यात बांधलेली. “रेशनकार्डावरून गेलं. पासबुकावरून गेलं. दारावरची पाटी रंगवताना तुम्ही काढलीत. दर महिन्याला त्यांच्या नावाचं एवढं एक पत्र येतं घरी,” त्या म्हणाल्या.

यावर काय बोलावं? ७८ हजार, ६० हजार, सगळे आकडे तोंडातच विरले. आठ-दहा दिवस कोणी विषय काढला नाही. मग एका दुपारी मीच विचारलं, “आई, नाव तुमचंच लावलं तर?” त्या चमकल्या. “माझं? कशाला? माझ्या नावावर या घरात आहे काय?” मी म्हटलं, “तेच म्हणतेय.”

नाव बदलायला मामंजींच्या मृत्यूचा दाखला लागला, घरपट्टीची पावती आणि मिळकतीचा उतारा लागला, आणि इतर वारसांची संमती. ह्यांची, दिरांची, आणि बेळगावच्या वन्संची. वन्संनी फोनवर विचारलं, “सही करायला हरकत नाही, पण हे घर नावावर करण्यातलं तर नाही ना?” मला राग आला होता, खोटं कशाला सांगू! पण त्यांचं चूक नव्हतं. माहेरच्या कागदावर सही मागतात तेव्हा बायकांनी असं विचारायलाच हवं. लाइटबिलावर नाव असणं म्हणजे घराची मालकी नव्हे. तो फक्त वीज कंपनीशी असलेला व्यवहार. हे त्यांना नीट सांगितलं, संमतीपत्राचा मसुदा आधी वाचायला पाठवला, आणि वन्सं स्वतः मिरजेला येऊन, दोन दिवस राहून, आईच्या हातची थालीपीठं खाऊन सही करून गेल्या. तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या बिलावर कोणाचं नाव आहे ते आजच बघा. सासऱ्यांचं, आजेसासऱ्यांचं, की ज्याच्याकडून घर घेतलं त्याचं? आधारकार्ड, बँकेचं खातं आणि बिल, तिन्हींवर नाव एकाच वळणाचं हवं. आमच्या सासूबाईंचं आधारवर ‘बाई’ लागलेलं आणि पासबुकात नसलेलं, त्यात आणखी पंधरा दिवस गेले.

दिवाळीच्या सुमाराला नाव झालं, डिसेंबरात संच बसला. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना २०२४ च्या नियमांनी तांत्रिक तपासणीशिवाय मंजुरी धरली जाते, त्यामुळे पुढचं काम भराभर झालं. साठ हजार रुपये सासूबाईंच्या फॅमिली पेन्शनच्या खात्यात जमा झाले. त्या दिवशी त्यांनी पासबुक दोनदा भरून आणलं. आम्ही कर्जाचा हप्ता फेडायला ते मागितले तेव्हा त्या म्हणाल्या, “चेक लिहून देते.” आयुष्यातला त्यांचा पहिला चेक. सहीला तीन कागद खराब झाले.

फेब्रुवारीत पहिलं पूर्ण महिन्याचं बिल आलं. त्यांनी ते उन्हात नेलं, चष्मा लावला, वरचं नाव वाचलं, बोट ठेवत ठेवत खाली आल्या. युनिटं शून्य. देय रक्कम दीडशे रुपये.

“अगं, हे दीडशे कसले? तो तर शून्य म्हणाला होता!”

“स्थिर आकार, आई. आणि त्याच्यावरचं शुल्क.”

“म्हणजे वीज आपण बनवायची, आणि वर दीडशे द्यायचे?”

“तार त्यांची आहे ना. रात्री तिथूनच येते.”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग बिलाची नीट चार घडीची घडी घातली आणि डब्यातल्या दोऱ्याची गाठ सोडायला बसल्या.